गाण्याखालची पावलं

नखाएवढी पत्र्याची डबी, तिला दोन तारांचे पाय, आणि पाठीवर कोरलेले आकडे — भिंगाखाली ते आधी फुगले, विरघळले, मग हळूहळू जागेवर येऊन बसले : वीस दशांश पाच. त्याने भिंग बाजूला घेतलं, काच सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि पुन्हा धरलं. वीस दशांश पाच. खिडकीकडे तोंड करून, मग पाठ करून. चष्मा लावून, मग काढून — आकडा काही ऐकेना. तिथे एकवीस दशांश सत्तेचाळीस असायला हवं होतं. ह्या इवल्याशा डबीतला स्फटिक जितका भरभर थरथरेल तितकं यंत्रातलं सगळं भरभर — चित्र, उडी मारणारा माणूस, गाणं. आणि तो संथ असेल तर सगळंच संथ, गाण्याचे सूरही खाली उतरलेले... शेकडा साडेचार. कागदावर मांडायची गरज नव्हती. एकाहत्तराव्या वर्षीही असले भागाकार त्याच्या डोक्यात आपोआप सुटत, जसे इतर म्हाताऱ्यांच्या तोंडून आपोआप सुस्कारे सुटतात.

जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या घडीवर, तो जुना व्हिडिओ गेम उघडा पडला होता — पिवळट झालेलं प्लॅस्टिक, आत हिरवी पट्टी, आणि काढलेले पाच स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने झाकणात मांडलेले. छत्तीस वर्षं तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत त्याने मुलांना हेच शिकवलं होतं : ज्या क्रमाने उघडलं त्याच्या उलट क्रमाने मिटवायचं, म्हणजे वस्तू होती तशी होते. झाकणाच्या आतल्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, कडा तपकिरी झालेली. तीही त्याचीच रीत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात अशी चिठ्ठी जायची — इस्त्री, रेडिओ, शेजाऱ्यांचे पंखे — निळ्या शाईत, अक्षराला अक्षर न लागू देता : 'तपासले. ठीक आहे.' खाली तारीख, त्याखाली सही. ही तारीख तीस वर्षांपूर्वीची. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

म्हणजे हा स्फटिक मीच बसवला... मूळचा गेला असेल, ड्रॉवरमध्ये त्यातल्या त्यात जवळचा जो सापडला तो लावला असेल. रंग उडाले असतील — पण घरातला टीव्ही काळा-पांढरा, उडालेले रंग दिसणार कुणाला? चित्र वर वर सरकत राहिलं असेल, तर टीव्हीच्या पाठीमागची खुंटी फिरवून ते थांबवलं असेल. थांबवलंच. आठवतं. मी मागे वाकलेलो, आणि ती समोर मांडी घालून सांगत होती — "अजून, बाबा, अजून... थांबा!" चित्र थांबलं, आणि मी चिठ्ठी लिहायला बसलो.

काल दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी ती आली होती. घरी नव्हे, घरी ती सहा वर्षं आलेली नाही. ती आली त्याच्या संगणकावरच्या खोलीत — त्या खेळांच्या प्लॅटफॉर्मवर, जिथे कुणीही जागा घेतो, भिंती उभ्या करतो, खेळ रचतो, आणि जगभरातली पोरं आपापल्या बाहुल्या चालवत येऊन धुडगूस घालतात. मुलीचं पोट त्यावरच चालतं. लोकांच्या खेळांसाठी ती घरं आणि खोल्या बांधून देते. हे त्याला बायकोकडून कळलं होतं, कारण मुलगी बोलते ती फक्त आईशी, दर रविवारी अकराला, गॅलरीचं दार ओढून घेतलेलं असताना. त्याने फोन उचलला तर पलीकडे आधी श्वास ऐकू येतो आणि मग तोही नाही.

तेव्हा त्याने ठरवलं होतं की तिच्या गावात घर बांधायचं. आठ महिने लागले. आधी खोली — जुन्या भाड्याच्या घरातली पुढची, बारा फूट गुणिले दहा, दाराची जागा, खिडकीची जागा, सगळं माप आठवून. आणि तिच्यात एका खोक्याच्या आकाराचा टीव्ही. मग त्या टीव्हीतून वाजणारं गाणं, ती रोज संध्याकाळी घालायची त्या कॅसेटमधलं. इथे खरं काम होतं. जुन्या यंत्राकडे चारच आवाज : दोन चौकोनी लहरींचे, पिपाणीसारखे बारीक आणि टोकदार, एक त्रिकोणी लहरीचा, जाड, खालून चालणारा, आणि चौथा नुसता खरखराट, ताल धरायला. आणि ह्या नव्या प्लॅटफॉर्मवर लहर बनवण्याची सोयच नाही. आधी तयार केलेला ध्वनीचा तुकडा वाजवता येतो आणि त्याचा वेग कमीजास्त करता येतो, बस्स. मग त्याने प्रत्येक लहरीचं एकेक वेटोळं कापून घेतलं, ते अखंड फिरत ठेवलं, आणि प्रत्येक सुरासाठी किती वेग, किती वेळ, किती जोर, याचा तक्ता मांडला. एक हजार नऊशे चार ओळी, चार आवाजांचे चार स्तंभ. आकडे अंदाजाने नव्हेत. मूळ कॅसेटीत रचणाऱ्याने लिहिलेले, असल्या गोष्टी जपून ठेवणाऱ्या लोकांकडून मिळवलेले. खोलीत फिरकणाऱ्या मोजक्या माणसांत 'घुबड' नावाचा एक होता. त्याने तीनदा ऐकून लिहिलं होतं — 'काका, मूळ यंत्राशी ताडून पाहिलं. केसभर फरक नाही.' मी काका आहे हे ह्याला कसं कळलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, 'तुम्ही पूर्णविराम देता ना.'

मग काल ती. दारात एक बाहुली उभी राहिली, डोक्यावर नाव : चिमटा. हे नाव त्यानेच ठेवलेलं. लहानपणी बारीक स्क्रू धरायला ती शेजारी चिमटा घेऊन बसायची म्हणून. ती अजून तेच नाव लावते हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्याने बायकोला हाक मारून दाखवलं होतं, आणि बायको पदर खोचत म्हणाली होती, "हुरळून जाऊ नका. नाव बदलायला तिथे पैसे पडतात म्हणे." बाहुली आत आली. भिंतीपाशी गेली, खिडकीपाशी गेली, टीव्हीसमोर थांबली. गाणं एकदा पूर्ण वाजलं — एक मिनिट अठ्ठावीस सेकंद — आणि दुसऱ्यांदा सुरू झालं. त्याचा हात कळफलकावर होता. सहा वर्षांनी पहिलं वाक्य कोणतं लिहायचं हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण तिचं आधी आलं.

'हे आपलं गाणं नाही.'

आणि ती गेली. आत होती एक मिनिट त्रेपन्न सेकंद. ते वाक्य पडद्यावर थोडा वेळ राहिलं आणि मग तेही गेलं.

"विसरली असेल," तो रात्री जेवताना म्हणाला होता. "तीस वर्षांत माणूस विसरतो."

"विसरण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ आहे," बायको म्हणाली. "त्यातलं हे नव्हे."

खरं सांगायचं तर आज सकाळी माळ्यावरून हे यंत्र काढलं ते तिला चूक ठरवण्यासाठीच. मोजायचं, आकडा काढायचा, तो तिला पाठवायचा — बघ, केसभर फरक नाही. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं. आता हातात हा वीस दशांश पाच.

बरं, स्फटिक तर स्फटिक. त्याने तो होता तसा परत बसवला, यंत्राला वीज दिली, आवाजाची तार एका जुन्या स्पीकरला जोडली, कॅसेट फुंकली — फुंकून काही होत नाही हे तो तीस वर्षं सर्वांना सांगत आला होता — आणि बटण दाबलं. गाणं आलं. संथ आलं, उतरलेलं आलं, हे अपेक्षितच, पण ते... बारीक होतं. हाडं काढून घेतलेल्या माशासारखं. दोन पिपाण्या एकमेकींच्या मागे धावत होत्या, आणि त्यांच्या खाली काही नव्हतं. जाड आवाज नाही, खरखराट नाही. दोष स्पीकरमध्ये असेल म्हणून त्याने स्पीकर बदलला. तार बदलली. मग लाकडी पेन्सिलीच्या टोकाने पट्टीवर हलके हलके ठोकत गेला, जसं डॉक्टर पाठीवर ठोकतात, आणि एका जागी — धड्डाम — खालचा आवाज क्षणभर खोलीत शिरला आणि निघून गेला.

भिंग. दोन चौकोनी आवाज चिपच्या एका पायातून निघतात, उरलेले दोन दुसऱ्या. ह्या दुसऱ्या पायाच्या वाटेवर एक रोध, म्हणजे रेझिस्टर, बदललेला होता, आणि त्याला दिलेला सोल्डरचा डाग आजूबाजूच्या कारखान्यातल्या डागांसारखा चमकत नव्हता. राखाडी, मळकट, आणि तारेभोवती केसाएवढी गोल भेग. कोरडा डाग. दिसतो जोडलेला, नसतो. 'चमकला तर धरला, मळकट दिसला तर फसला' — फळ्यावर दर वर्षी पहिल्या दिवशी लिहायचो मी. पोरं पाठीमागे त्याची चाल लावून म्हणायची.

आणि मग ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते तिथेच होतं, फक्त त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवसांनी ती शाळेतून मैत्रिणीकडे गेली होती, आणि परत येऊन दारातच, दप्तर न काढता म्हणाली होती,

"बाबा, तिच्याकडे गाण्याच्या खाली कुणीतरी चालतं. आपल्याकडे नाही चालत."

"चालतं म्हणजे?"

"पावलं वाजतात. जाड. गाणं वर असतं आणि ते खाली चालतं."

त्याने मीटर आणलं होतं. झाकण उघडून, तिला शेजारी बसवून, दोन टोकं टेकवून दाखवली होती. "हे बघ, काटा कुठे आहे? पाचावर. पाच म्हणजे बरोबर."

"पण चालत नाही ना, बाबा."

"तुझा कान खरा की माझं मीटर खरं?"

ती काट्याकडे बघत राहिली होती. काटा पाचावर होता. काटा खोटं बोलत नव्हता. मी त्याला वीज आहे का एवढंच विचारलं होतं, गाणं आहे का हे विचारलंच नव्हतं. आणि एक सबंध संध्याकाळ काय, एक मिनिटसुद्धा मी कॅसेट घालून नुसता ऐकत बसलो नाही. कानाने तपासणं हे काम कच्च्या माणसाचं, असं मानणारा मी...

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. खर्र, खर्र, मग शांत, मग पुन्हा खर्र. बॅटरी उतरली आहे, हे त्याच्या मनाने त्याला न विचारता सांगून टाकलं.

एकतिसाव्या वर्षी मुलगी सासरहून बॅग घेऊन आली होती. ह्याच टेबलाशी बसली होती — डावीकडच्या खुर्चीवर, हात मांडीत. म्हणाली, मला तिथे परत जायचं नाही. आणि त्याने, आवाज न चढवता, खरोखर मदत करायच्या इच्छेने, दोष शोधायच्या तक्त्याप्रमाणे वरून खाली प्रश्न विचारले होते. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरं काही प्रकरण? नाही. घरात पैसे देतो? देतो. सासू? सासू बरी आहे. "मग बिघाड नेमका कुठे आहे?" तिने बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "सांगता येत नाही, बाबा. सगळं जागच्या जागी असतं. बोलतात, हसतात. पण मी त्या घरात शिरले की खालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. खाली काही नसतंच." त्यावर तो म्हणाला होता — शब्द न् शब्द आठवतो — "जे मोजता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही, बाळ." दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला पोचवायला गेला. बॅग त्यानेच उचलली. तिथे चहा घेतला. त्यांच्या दाराची घंटा चिरकत होती, ती दुरुस्त करून दिली, आणि परत येऊन बायकोला सांगितलं, "माणसं चांगली आहेत. सगळं ठीक आहे."

दोन वर्षांनी ती तिथून निघाली ती इथे आली नाही. मधल्या दोन वर्षांत काय झालं हे बायकोला माहीत आहे. त्याला नाही. एकदाच, कपड्यांच्या घड्या घालता घालता, बायकोने विषय काढला होता, म्हणजे विषयावर झाकणच ठेवलं होतं : "तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. आता विचारू नका."

त्याने संगणक सुरू केला. निदान हे तरी करता येण्यासारखं होतं. तक्ता उघडून त्याने पहिल्या दोन स्तंभांतला प्रत्येक वेग एकवीस दशांश सत्तेचाळीसाने भागून वीस दशांश पाचाने गुणला, कालावधी त्याच प्रमाणात लांबवले, आणि तिसरा व चौथा स्तंभ, जाड आवाज आणि खरखराट, आठ महिन्यांचं निम्मं काम, शून्य करून टाकले. बारा मिनिटं लागली. वस्तू सुधारण्यापेक्षा ती नेमकी बिघडवणं सोपं असतं, किंवा मग तेवढंच मला नीट येत असावं. पडद्यावर त्याची बाहुली खोलीच्या मधोमध उभी होती. तिला त्याने कधी कपडे दिले नव्हते, चेहराही दिला नव्हता. त्याने गाणं सुरू केलं.

टेबलावरच्या यंत्रातून जे आलं होतं तेच पडद्यातून आलं. जुळलं. पुन्हा ताडून पाहिलं. जुळलं. आणि तरीही हेच ते होतं का, हे त्याला सांगता येईना... ओळख पटावी असं आत काहीच नव्हतं. मी ते कधी ऐकलंच नाही. त्या घरात रोज संध्याकाळी ते वाजत होतं, मी दोन हातांवर पाठ करून दुसऱ्यांचे पंखे उघडून बसलेलो होतो.

"अहो, टेबल आज जेवायला मिळणार आहे की ताटं मांडीवर घ्यायची?" बायको दारात उभी होती, हात ओले.

"थांब. हे ऐक जरा."

"सकाळपासून ऐकतेच आहे. मच्छर गाणं शिकतोय असं वाटतंय."

"आपल्याकडे असंच वाजायचं का?"

"मला काय विचारता? मी स्वयंपाकघरात. भिंतीतून गाळून येईल तेवढं." पण ती थांबली. हात पदराला पुसत, मान किंचित कलती करून, दोन पिपाण्यांची ती पकडापकडी शेवटपर्यंत ऐकत राहिली. "आहे खरं असंच. असंच रडकं. पण ह्यात धपधप नाही."

"ती आपल्याकडे येतच नव्हती. मी आत्ता तेच शोधून काढलं. तो दुसऱ्या पायाचा डाग कोरडा —"

"तुमचे पाय आणि डाग मला नका सांगू. धपधप होती. पोरगी टाच आपटायची जमिनीवर. गाणं सुरू झालं की हिची टाच सुरू. धप... धप... धपधप. खालच्या काकू दोनदा जिना चढून आल्या भांडायला. तुम्हीच ओरडलात की तिला, पाय बांधून ठेवीन म्हणून."

"मी?"

"नाही. तुमचा जुळा भाऊ."

"मग बंद केलं तिने?"

"मोजे घालून बसायला लागली. मग आवाज कमी यायचा." बायकोने टेबलावरचा रिकामा पेला उचलला, खालची ओली गोल खूण तळहाताने पुसली. "मला यायचा ऐकू. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर माझ्या हातातली भांडी हलायची."

"टाच नेमकी कुठे पडायची? म्हणजे... कुठल्या सुरावर? ह्या इथे, की ह्याच्या नंतर?"

"आता ते मी कसं सांगू? तिलाच विचा—"

वाक्य तिने पुरं केलं नाही. पेला घेऊन ती आत गेली, आणि आत नळ सुरू झाला, गरजेपेक्षा बराच वेळ चालू राहिला.

गाणं संपून पुन्हा सुरू झालं होतं. त्याने तक्त्यातला तिसरा स्तंभ पडद्यावर वर ओढत नेला : शून्य, शून्य, शून्य — एक हजार नऊशे चार शून्यं. रचणाऱ्याचे आकडे तिथे परत भरणं म्हणजे एका कळीचं काम. पण ते मैत्रिणीच्या घरचं गाणं. नऊ वर्षांच्या मुलीने, आपल्या घरी नाही म्हणून, ऐकून आलेली पावलं स्वतःच्या टाचेने चालवली होती, आणि ती कुठल्या चिपमध्ये नव्हती, कुठल्या कॅसेटीत नव्हती, जुन्या गोष्टी जपणाऱ्या कुणाहीकडे नव्हती. त्याने टेबलाखाली उजवा पाय उचलला. गुडघ्यात कळ आली. टाच टेकली — उशिरा. पुन्हा — आता फार लवकर. एकदा बरोबर पडली असं वाटलं, पण बरोबर म्हणजे कशाच्या बरोबर? ताडून बघायला समोर काय आहे? काटा नाही. आकडा नाही. जगात एक माणूस आहे, आणि त्या माणसाचा कान खरा की माझं मीटर, हे मी तीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं.

टेबलाच्या कोपऱ्यात कोरी चिठ्ठी कापून ठेवलेली होती. दुरुस्तीला हात घालण्याआधीच ती कापून ठेवायची, हीही रीतच. शेजारी निळं पेन, टोपण काढलेलं. कालपर्यंत त्याच्याकडे एक वाक्य तयार होतं — 'दुरुस्त केलं आहे, ये' — पूर्णविरामासकट. ते आता शोधू गेलं तर जिभेवर नव्हतं, नुसती त्याची जागा होती, दात पडल्यावर असते तशी. ती परत येईल असं त्याला वाटत नव्हतं. एकच गोष्ट माणूस किती वेळा सांगेल? नवव्या वर्षी सांगितली. एकतिसाव्या वर्षी सांगितली. काल, परक्या खोलीत, टीव्हीसमोर उभं राहून पुन्हा एकदा सांगितली. हिशेबाने पाहिलं तर तीन वेळाही जास्तच झाल्या. आणि समजा, आलीच, तर मी तिला काय दाखवणार — ही रिकामी खोली, इंचाइंचाला बरोबर?

त्याने पाय हलवणं थांबवलं. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. पडद्यावर त्याची बिनचेहऱ्याची बाहुली टीव्हीसमोर उभी होती, आणि तो पहिल्यांदाच हातात काहीही न घेता नुसता ऐकत बसला होता — वर दोन बारीक आवाज एकमेकांच्या मागे, संथ, उतरलेले, जात होते, वळत होते, पुन्हा येत होते. आणि त्यांच्या खाली कुणीही चालत नव्हतं... अगदी स्पष्ट, प्रत्येक मात्रेला, कुणीही चालत नव्हतं.